आत्याने पाहिलेलं नाटक

माझी आत्या कांदिवलीला राहते. एके काळी तिने एकही नवं नाटक सोडलं नाही. मग कानांनी दगा दिला. यंत्र लावलं तरी थिएटरात नुसता घोंगाट ऐकू येतो म्हणे. "सगळे हसले की मागाहून आपण हसायचं, ते मला नको," म्हणाली, आणि नाटकं बंद.

गेल्या थंडीत पवईच्या एका कॉलेजात पोलिश मंडळी एक फार जुनं ग्रीक नाटक घेऊन आली होती. माझ्याकडे दोन पास होते, आणि मैत्रिणीने ऐन वेळी टांग दिली. आत्याच्या घरी जाऊन तिला विचारलं.

"मला ऐकू येणार नाही गं."

"मलाही कळणार नाहीये. पोलिश आहे ते."

ती लगेच उठली. मग साडी बदलायला आत गेली.

रंगमंचावर राजवाडा नाही, काही नाही. मधोमध एक उंच शिडी आणि जमिनीवर पसरलेला रिकामा कोट. तो कोट म्हणजे लढाईत मेलेला भाऊ. त्याला कोणी पुरायचं नाही असा राजाचा हुकूम, आणि बहीण काही ऐकत नाही. हुकूम सोडला की राजा शिडीची एक पायरी वर चढायचा; त्याचा मुलगा खाली उभा असायचा. रंगमंचाच्या वर एका पट्टीवर इंग्रजीतून संवाद उमटत होते. मी ते वाचत बसले. वाचून खाली बघेपर्यंत कोणीतरी जागा बदललेली असायची. आत्याने त्या पट्टीकडे एकदाच पाहिलं, नंतर मान वर केली नाही. शेवटी राजा टोकाला पोचला तेव्हा त्याचं ऐकायला खाली कोणी उरलं नव्हतं.

नंतर आम्ही कॅन्टीनमध्ये चहा घेतला. तिला माझे ओठ दिसावेत म्हणून मी दिव्याखाली बसले.

"घाबरत होता ना तो?" आत्या म्हणाली.

"कोण?"

"राजा. चढायच्या आधी दर वेळी पोराकडे बघायचा. पोरगा थांब म्हणाला असता तर थांबला असता."

"अगं, पोरगा म्हणतो ना थांब! केवढं मोठं बोलतो तो."

"हो? मग बोलताना जमिनीकडे का बघत होता?"

मला ते दिसलंच नव्हतं.

"राजाची बायको मात्र धीट हं," ती पुढे म्हणाली.

"बायको नाही गं ती. त्या कोटाची बहीण, राजाची भाची."

"भाची?" तिने कप खाली ठेवला. "भाचीशी असं वागतो मेला?"

मग मी तिला वाचलेलं सांगत गेले आणि ती मला चेहऱ्यांवरचं. बऱ्याच ठिकाणी जुळत नव्हतं. तिथे आम्ही भांडलो.

उठताना तिने विचारलं, "ऐकायला कशी असते गं ती भाषा?"

दीड तास कानांवर पडूनही मी ती ऐकलीच नव्हती. "च आणि श खूप," मी म्हटलं. "ओल्या वाळूवर चपला घासल्यासारखं."

"बोलून दाखव."

मी आठवेल तसं काहीबाही बरळले. शेजारच्या टेबलावरच्या मुली वळून बघायला लागल्या. आत्याने माझे ओठ निरखले, आपले तसेच केले आणि म्हणाली, "पुन्हा."

त्यानंतर आम्ही दोघींनी आणखी दोन नाटकं पाहिली. एक जपानी होतं. दुसरं कुठल्या भाषेतलं, यावर अजून एकमत नाही.