नऊ लेखक आणि गोगलगायी मोजणारी

प्रयोगशाळेतल्या ताई अकरा वर्षं गोगलगायी मोजत होत्या. काचेच्या पेटीतून एकेक उचलायची, वजन करायचं, वहीत लिहायचं. रविवारीसुद्धा. गोगलगायीला कुठला आलाय रविवार!

आणि त्यावरचा संशोधनाचा पेपर छापून आला की नावं कुणाची? पहिलं मोठ्या सरांचं. मग त्यांच्या बायकोचं, जिला गोगलगाय नुसती बघून शिसारी येते. मग शेजारच्या विभागातल्या सरांचं, कारण त्यांच्या पेपरात आपल्या सरांचं होतं. शेजारणींची वाटीची देवघेव असते ना, अगदी तश्शी! असे एकूण नऊ. आयत्या बिळावर नऊ नागोबा. ताई कुठे? शेवटी, बारीक अक्षरात: ‘सहाय्यकांचे आभार.’

नवरा चष्मा पुसून विचारायचा, "यातली तू कोणती गं?"

यंदा मात्र ताईंना नाव हवंच होतं. कायम नोकरीच्या अर्जाला एक तरी पेपर लागायचा, आणि महिनाअखेर वयाची अट उलटणार होती. त्यांनी धीर करून विचारलं, तर सर म्हणाले, "अहो ताई, नऊ झालेत. दहावं म्हणजे गर्दी वाटते."

अन् नवा पेपर पाठवला होता त्या मासिकाचं पत्र आलं. प्रत्येक लेखकाच्या नावापुढच्या रकान्यात त्यानं काय काम केलं ते लिहा. आणि तिसऱ्या पेटीतल्या गोगलगायी मार्चमध्ये निम्म्या कशा झाल्या तेही सांगा. नाहीतर पेपर परत.

नऊ विद्वानांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पेट्या तुम्ही बघता ना?"

"मी? मला वाटलं, वहिनी."

"इश्श! मी फक्त भाषा तपासली."

शेजारचे सर हळूच म्हणाले, "एकूण पेट्या किती आहेत हो?"

शेवटी सर ताईंच्या दारात. "ताई, ती वही जरा..."

ताईंनी वहीवर हात ठेवला. "देते. नाव घाला."

"घालतो की. दहावं."

"पहिलं."

"पहिलं माझं असतं, ताई!"

"मग पहिल्या नावानंच सांगावं, निम्म्या कुठे गेल्या ते."

सरांनी घाम पुसला, यादी मागवली आणि स्वतःच्या हातानं ताईंचं नाव सगळ्यात वर लिहिलं. तेव्हा कुठे वही उघडली. मार्चच्या पानावर लिहिलं होतं: ‘सरांनी पाहुण्यांना तिसरी पेटी दाखवली. झाकण उघडं टाकून गेले. चाळीस गोगलगायी पसार.’

"हे... हे असंच कळवायचं?"

"कळवायला नको? तुमच्या नावापुढचा रकाना रिकामाच होता, सर."