बाईंची शिट्टी

पीटीच्या बाई घरी येण्याआधी त्यांचा राग दारातून आत येतो, असं त्यांची भावजय म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. मुलींच्या शाळेच्या मैदानावर बाईंनी उभा जन्म काढला. त्या नुसत्या फाटकात दिसल्या तरी रांग सुतासारखी सरळ व्हायची. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या घरात मागच्या खोलीत राहायच्या, आणि निवृत्त होऊनही गळ्यातली शिट्टी काही त्यांनी उतरवली नव्हती. नळाला पाणी आलं नाही की त्या आधी खिडकीतून एक लांबलचक शिट्टी मारायच्या. पाणी यायचं नाही, पण गल्ली दचकून जागी व्हायची.

एवढा जोर निवृत्तीनंतर जाणार कुठे? तो गेला समुद्रकाठच्या उद्यानात. बसच्या शेवटच्या थांब्याला लागून ते सुरू व्हायचं. वर दाट झाडी, झाडीतून उतरणाऱ्या पायवाटा, आणि खाली खडकांच्या कुशीत दडलेल्या वाळूच्या लहान लहान पुळणी. वारा तिथे पोचायचा नाही आणि पाणी तळ्यासारखं निवांत असायचं. जागोजागी पाट्या होत्या. त्या कोणी वाचत नसे. बाई वाचत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून मोठ्याने वाचून दाखवत.

अगदी शेवटच्या पुळणीवर, खडकाच्या कपारीत, पाणमांजराच्या मादीला तीन पिल्लं झाली होती. बाईंनी ती पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी घरी येऊन जेवणच विसरल्या. ‘ओलं करतं’ म्हणून ज्यांनी कधी कुणाचं तान्हं पोर मांडीवर घेतलं नाही, त्या बाई भावजयीला स्वयंपाकघरात हातवारे करून दाखवत होत्या की आई मासा दोन हातांत धरून कशी खाते आणि पिल्लं तिच्या मिशा कशा ओढतात. भावजयीने देवाचे आभार मानले. म्हटलं, आता तरी घरात शांतता नांदेल.

घरात नांदली. पुळणीवर मात्र रणकंदन सुरू झालं. उद्यानाच्या लोकांनी कपारीपासून लांब दोरी बांधली होती. तिच्यावर कुणी पाय टाकला की बाईंची शिट्टी. मोबाइलवर गाणी लावली की शिट्टी. कुत्रा मोकळा सोडला तर शिट्टी आणि वर तोंडाचा पट्टा. तरी व्हायचं ते झालंच. एका माणसाचा कुत्रा पायऱ्या उतरून सुसाट आला, बाई वरून जीव खाऊन शिट्टी फुंकत राहिल्या, आणि कुत्र्याने एका पिल्लाचा गळा धरला. बाईंनी त्या माणसाला असं काही झोडपलं की तो कुत्रा उचलून पळाला. पुढे कित्येक दिवस जेवताना, कपडे वाळत घालताना, देवापुढे हात जोडतानासुद्धा त्या त्याचा उद्धार करत. भावजय म्हणाली, निदान देवासमोर तरी नको. बाई म्हणाल्या, देवालाच तर सांगतेय, दुसरं ऐकतंय कोण.

पिल्लं दिसू लागल्यापासून दोघे फोटोवालेही रोज येत होते. एक लांब नळीच्या कॅमेऱ्याचा, दुसरा टोपीवाला, त्याचा जोडीदार. नळीवाला दोरीच्या अलीकडे तिपाई रोवून बसायचा, अगदी गुणी बाळासारखा. टोपीवाला मात्र बाईंना पाण्यात बघायचा. त्यांच्यासमोर बाटली भिरकावायचा, दोरीवरून एक पाय पलीकडे टाकून डोलायचा. बाईंचा तिळपापड व्हायचा, शिट्टी वाजायची, आणि तो शहाण्यासारखा पाय मागे घेऊन बाटली उचलायचा. बाई उद्यानाच्या कचेरीत जाऊन भांडल्या. तिथला साहेब म्हणाला, माणसं दोरीच्या आत जात नाहीत, कचराही उचलतात, तक्रार कशाची घेऊ? उलट तुमच्याच तक्रारी फार आल्यात, असं चाललं तर तुमचं येणं बंद करावं लागेल. त्याने तेच बाईंच्या भावालाही कळवलं. भाऊ हवालदिल झाला. ताईचं पुळणीवर जाणं थांबलं तर हा सगळा जोर पुन्हा घरात येणार, हे त्याला नीट ठाऊक होतं. त्याने बायकोला सांगितलं, एकदा तू तिच्याबरोबर जा आणि ती नेमकं करते काय ते बघून ये.

भावजय गेली. ती स्वभावाने संथ. सावलीतला दगड बघून बसली आणि संत्रं सोलत दिवसभर नुसती बघत राहिली. परतीच्या बसमध्ये तिने बाईंच्या हातावर हात ठेवला.

“ताई, एक सांगू का? रागावणार असाल तर आधीच रागावून घ्या.”

“बोल की.”

“तुमची शिट्टी ऐकून ती पिल्लं बाहेर येतात. त्यांची आईसुद्धा अशीच बारीक शीळ घालते. त्यांना वाटतं तीच बोलावतेय. आणि त्या नळीवाल्याला हे माहीत आहे. तो टोपीवाल्याला म्हणाला, जा रे, म्हातारीला जरा पेटवून ये. मी कानांनी ऐकलं.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी भरल्या बसमध्ये भावजयीला फैलावर घेतलं. हिला शेगडीवर दूध उतू गेलेलं कळत नाही, ही मला पाणमांजरांचं सांगणार! सगळी बस वळून बघायला लागली. बाई एक थांबा आधीच उतरल्या आणि पाय आपटत घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडल्याबरोबर त्या पुळणीवर हजर होत्या. अजून कुणी आलं नव्हतं. मादी पाण्यात शिरली, दूर जाऊन दिसेनाशी झाली. बाईंनी शिट्टी ओठांत धरली आणि हळूच, आयुष्यात कधी वाजवली नव्हती इतकी हळू, एकदाच फुंकली.

कपारीतून दोन डोकी बाहेर आली. पिल्लं तुरुतुरु वाळूवर उतरली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि बाईंकडे बघायला लागली.

बाई वाळूवर बसल्या. तो कुत्रा त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा पायऱ्या उतरला. पाण्याकडे धावत निघाला होता तो. कपारीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. वरून शिट्टी वाजली, वाजतच राहिली, म्हणून पिल्लू बाहेर आलं होतं. त्या दिवसापासून कुत्र्याच्या मालकाला दिलेल्या शिव्या आता कुठे ठेवायच्या, ते बाईंना समजेना. आणि मग आणखी एक गोष्ट आठवली. तिपाई त्या दिवशीही होती. नळीवाला त्या दिवशीही बसला होता.

मादी परतली, पिल्लांना मानगुटीला धरून आत घेऊन गेली. थोड्या वेळाने फोटोवाले आले. टोपीवाल्याने बाईंकडे बघून मिशीत हसत पहिली बाटली फेकली. बाई हलल्या नाहीत. दुसरी त्यांच्या पायाशी पडली. त्याने दोरीवर पाय टाकला, मग आणखी एक पाऊल पुढे टाकून गाणंच म्हणायला लागला. बाईंच्या मानेच्या शिरा तटतटल्या. हात सवयीने गळ्याकडे गेला. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून खाली आणला आणि त्या उठल्या. टोपीवाल्याकडे ढुंकूनही न बघता थेट कॅमेऱ्यापाशी आल्या आणि नळीच्या तोंडापुढे उभ्या राहिल्या. बाई अंगाने भरलेल्या. पुळण पार झाकून गेली.

“बाई, जरा बाजूला होता का?” नळीवाला म्हणाला.

“तुला केव्हा कळलं?” बाईंनी विचारलं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज आज कुजबुजीहून जरासा मोठा होता. “कुत्रा आला, त्याच्या आधी की नंतर?”

तो तिपाईचा स्क्रू उगाच घट्ट करत राहिला.

“आधी,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल.”

“पिल्लू माझ्यामुळे गेलं. ते माझं मी देवापुढे बघेन. पण मी आंधळी होते. तू डोळा लावून बसला होतास. एक हाक मारली असतीस, बाई, थांबा, एवढंच, तर पिल्लू आत राहिलं असतं. तेवढ्यासाठीही तुझं तोंड उघडलं नाही.”

“मी काही नियम मोडलेला नाही.”

“मग मीही मोडत नाही. दोरीच्या अलीकडेच उभी आहे. जा, कचेरीत सांग.”

त्याने तिपाई उचलून डावीकडे नेली. बाई डावीकडे सरकल्या. तो उजवीकडे गेला, बाईही उजवीकडे गेल्या. टोपीवाला लांबून काहीतरी म्हातारीबद्दल म्हणाला. त्यावर कुणी हसलं नाही. ऊन चढत गेलं. बाईंच्या जिभेवर शाळेतली झाडून सारी विशेषणं गोळा झाली होती. त्या ती एकेक करून गिळत होत्या.

मग पाठीमागे, पाण्याच्या बाजूने, एक बारीक शीळ आली. खरी. बाईंच्या शिट्टीपेक्षा किती नाजूक, आणि तरी किती सारखी. नळीवाल्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच खिळली. त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. बाईंना वाटलं, वळावं. एकदाच बघावं, दोन्ही पिल्लं आहेत ना. पण त्या वळल्या असत्या तर मधे जागा झाली असती.

त्यांनी दोन्ही हात बाजूंना ताणून पसरले, आणि रागाने थरथरत, त्याच्या डोळ्यांत डोळे रोवून तशाच उभ्या राहिल्या.