खडूची रेघ

तोंडात सदा टाचण्या, म्हणून तिचं नाव टाचणीमावशी. कपडे शिवताना तेवढी गप्प. टाचण्या काढल्या की तोंडाचा पट्टा सुरू. गिऱ्हाईक असो की जावई, कुणाची गय नाही. नात तेवढी अपवाद. लेक कामावर जाताना पाच वर्षांच्या चिमीला तिच्याकडे सोडायची.

थंडीत मशीनजवळ रॉकेलचा हीटर पेटायचा. कापडावर खुणा करायच्या खडूने मावशीने त्याच्याभोवती ऐसपैस रेघ आखली होती. "आत पाय टाकलास तर बघ!" चेंडू आत गेला तरी चिमी बाहेरूनच हाका मारायची. हे कौतुक मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

त्या दुपारी सॅटिनचा झगा बेतला होता. मेलं कापड गुळगुळीत. जरा वारा आला की कापलेले तुकडे जमिनीवर. एरवी सरकती खिडकी थोडी उघडी असायची, आज वैतागून मावशीने ती गच्च लावली. चटक्याची काळजी घेतली होती, हवेचं कुणाच्या डोक्यात येतं?

बाहीची शिलाई तिरकी गेली. मावशीची शिलाई, आणि तिरकी! चष्म्याला शिव्या घालत तिने ती उसवली, पुन्हा घातली. पुन्हा तिरकी. डोकं जड झालं होतं, मळमळत होतं.

"चिमे, पाणी आण गं."

चिमी चिंध्यांच्या ढिगावर झोपली होती. शहाणी गं बाई, असं मावशीला मघाशी वाटलं होतं. आता हलवलं, तर मान लुळी.

 मावशीने खिडकी सताड उघडली, पोरीला उचललं आणि रस्त्यावर धावली. मागे सॅटिन उडालं ते उडालं. गार वाऱ्यात पोर ओकली आणि रडली. इतकं गोड रडणं मावशीने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात चिमीला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बंद खोलीत हीटरचा विषारी वायू कोंडतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. खिडकी उघडी हवीच."

मावशीने धावत आलेल्या लेकीचा हात धरला. "हिला दुसरीकडे ठेव गं. माझा भरवसा नको धरूस."

 पण चिमी बरी झाल्यावर लेकीने तिला आणून सोडलंच.

चिमी थेट खडूकडे गेली. सरकत्या खिडकीच्या चौकटीवर, वीतभर जागा सोडून, तिने वेडीवाकडी रेघ ओढली.

"आजी, इथपर्यंतच लावायची. पुढे नेलीस तर बघ!"

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. नसत्या, तरी तिला बोलता आलं नसतं.