कर्ता नसलेला बायोडाटा

साधा प्रश्न विचारून पुरतं गोंधळून परत यायचं असेल, तर माझ्या साडूंच्या थोरल्या भावासारखा दुसरा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात मिळणार नाही. "काय भाऊ, हल्ली काय चाललंय?" एवढंच विचारायचं. भाऊ क्षणभर आपल्याकडे बघतात, मग आपल्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघतात आणि सांगायला लागतात. पहिलं वाक्य बर्फाच्या कारखान्यातल्या मोटारीचं असतं, दुसरं काजूच्या कारखान्यातल्या मालकाच्या सासऱ्याचं, तिसरं एका लाँचच्या इंजिनाचं, आणि अर्ध्या तासाने आपण मान डोलावत उठतो तेव्हा भाऊ हल्ली काय करतात हे तर कळलेलं नसतंच, उलट आपण कशासाठी आलो होतो तेही आठवेनासं होतं. मी चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. लोकांच्या घोळातून तारखा आणि नावं वेगळी काढणं हाच माझा धंदा. पण भाऊंपुढे मी कायम हरलो.

भाऊ सुट्या कामाचा माणूस. पंप, मोटारी, जनरेटर, मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं, जे फिरतं आणि फिरायचं थांबतं ते सगळं त्यांच्याकडे येतं; किंवा खरं तर भाऊच त्याच्याकडे जातात. नोकरी त्यांनी कधी केली नाही. कोणी बोलावलं की पिशवीत पान्हे, टेस्टर आणि एक जुना गंजीफ्रॉक टाकायचा आणि मिळेल त्या एसटीने निघायचं. मग चार दिवस, चार महिने, जे होईल ते. माझ्या मेव्हणीच्या लग्नात हा माणूस जेवणाच्या पंगतीतून हात न धुता उठला होता. मांडवामागच्या जनरेटरचा आवाज त्यांना पटेना. माझ्या सासऱ्यांना वाटलं, भाजीत काही कमी पडलं. ते बिचारे हात जोडून मागोमाग धावले, तर भाऊ जनरेटरला कान लावून बसलेले आणि तोंडाने म्हणतायत, "ह्याला सर्दी झालीय ओ."

पण त्यांची खरी खोड वेगळीच. भाऊंच्या बोलण्यात कर्ताच नसतो. शाळेत आपल्याला शिकवलं की वाक्यात कोणीतरी क्रिया करणारा असतो. भाऊंच्या वाक्यात तो फक्त नुकसान करायला येतो. "मालकानं मोटार जाळलीन, पोरानं वायर उलटी लावलीन, मग मोटार सुरू झाली." कोणी केली सुरू? "झाली." एकदा पावसाळ्यात एका वाडीचं पाणी अकरा दिवस बंद होतं, आणि भाऊंनी विहिरीत उतरून, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पंप वर काढला. हे मला त्या वाडीतल्या लोकांनी सांगितलं. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "पाणी आलं."

असे हे भाऊ गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या घरी आले. चपला दारात काढल्या, माझ्या पंख्याकडे बराच वेळ संशयाने बघितलं आणि म्हणाले, "हेडक्लार्क, जयगडला बंदरावर एक कंपनी पंपांच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट देतेय. बायोडाटा मागितलानी. सोमवारपर्यंत."

मी चाट पडलो. वर्षाचं कंत्राट? ह्या माणसाने महिन्याचंसुद्धा कधी ठरवून घेतलं नव्हतं.

"तुमच्या वहिनीला आता दिसत नाय नीट," ते म्हणाले. "ऑपरेशन झालं, पण दिसत नाय. चूल दिसते, जाळ दिसत नाय. आता लांब नाय जायचं. जयगड आमच्या गावापासून अर्ध्या तासावर. सकाळी जायचं, सांजचं घरी."

एवढं सरळ उत्तर भाऊंनी मला आयुष्यात पहिल्यांदा दिलं होतं. मी लगेच कागद काढला. तर ते म्हणाले, "लिहून आणलाय," आणि खिशातून एक घडी उलगडली.

आमच्या भागात बायोडाटा म्हटला की तो लग्नाचाच. भाऊंनी मुलीच्या लग्नाच्या वेळचा बायोडाटा समोर ठेवून आपला तयार केला होता. उंची पाच फूट चार इंच. वर्ण सावळा. रक्तगट माहीत नाही. मामांचं गाव. एक मुलगी, विवाहित, मुक्काम मुंबई. आणि सगळ्यात खाली, "अपेक्षा: निर्व्यसनी, घरगुती वातावरणाची कंपनी."

"भाऊ, ह्यात तुमचं काम कुठाय?"

"ते बघायला आल्यावर विचारतीलच की."

मग मी स्वतःच मैदानात उतरलो. मोबाइलवर वाचलं. सुटं काम करणाऱ्याने बायोडाटा कसा लिहावा ह्याबद्दल जगात भरपूर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. एका पानात बसवा. काय काय करत होतात ते सांगू नका, त्यातून काय साधलं ते सांगा. प्रत्येक काम 'मी'ने सुरू करा. मधे रिकामा काळ ठेवू नका, असेल तर कारण द्या. हे वाचून मला अगदी हुरूप आला. प्रत्येक नियम जणू भाऊंना डोळ्यांसमोर ठेवून, त्यांच्याविरुद्धच केला होता.

सलग दोन दिवस भाऊ सांगत होते आणि मी लिहीत होतो. अकरा पानं झाली. त्या अकरा पानांत एकही तारीख नव्हती. "ते काम कोणत्या वर्षी?" असं विचारलं की भाऊ म्हणत, "ज्या वर्षी बांगडा इतका आला की खत केला." त्याच्या आधीचं? "त्याच्या आधी मोहोर करपला." करपला ते कोणतं साल? "ते नाय का, आमच्या गावच्या मास्तरांची बदली झाली." माझ्यासमोर बांगडा, मोहोर आणि मास्तर अशी तीन सालं होती आणि त्यांचा क्रम लागत नव्हता. बिघडलेल्या गोष्टी मात्र ते आग्रहाने लिहायला लावत. "नाटे बंदरात एका लाँचचं इंजिन नाय जमलं, तेपण लिवा. नायतर खोटं होईल." कुठे दोघांनी मिळून काम केलं असेल तर दुसऱ्याचं नाव आधी.

आणि सगळ्यात मोठा घोळ होता अलोऱ्याचा. अलोऱ्याला धरणाच्या प्रकल्पाची वसाहत आहे. भाऊंचे वडील तिथे कामाला होते, ते भाऊंच्याच बोलण्यात आलं. भाऊ लग्नानंतर काही वर्षांनी तिथे चौदा महिने राहिले होते. आम्हा सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं की त्यांना तिथे मोठं काम मिळालं होतं. पण अकरा पानांत अलोऱ्याचा एक पंप नाही, एक मोटार नाही.

"अलोऱ्याला काय काम होतं, भाऊ?"

"होतं."

"कसलं?"

"होतं काहीतरी." आणि ते उठून माझ्या पंख्याचं रेग्युलेटर उघडायला लागले.

कागद पाठवायला एकच दिवस उरला, तेव्हा मी वैतागून ती अकरा पानं घेऊन थेट त्यांच्या गावी गेलो. भाऊ कुणाच्या तरी बोअरवेलवर गेले होते. वहिनी पडवीत कुळीथ निवडत होत्या, डोळ्यांनी नाही, बोटांनी. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हीच सोडवा. मी वाचतो, तुम्ही सालं सांगा."

मी वाचत गेलो. वहिनींचे हात हळूहळू थांबले. बर्फाचा कारखाना ऐकून म्हणाल्या, "तेव्हा पोरीचं बारसं झालं. हे नव्हते." काजूचा बॉयलर ऐकून म्हणाल्या, "तेव्हा माझी आई गेली. हे तिसऱ्या दिवशी आले." प्रत्येक कामाचं साल त्यांना बरोब्बर ठाऊक होतं, कारण प्रत्येक कामाला भाऊ घरी नव्हते. नाट्याचं इंजिन, विहिरीतला पंप, चिऱ्याच्या खाणीवरची मोटार, मी भराभर समासात सालं टाकत होतो. मधेच त्या हसल्या. "एवढं सगळं केलानी ह्यांनी? मला कधी नाय सांगितलानी. परत आले की बोलत, झालं काम."

मग मी अलोऱ्याचं विचारलं.

वहिनींनी सुपातले चार दाणे उचलून पुन्हा सुपात टाकले. "तिथं ह्यांचं काम नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला टीबी झाला होता. तेव्हा लोक अशा घरचं पाणीसुद्धा घेत नव्हते. म्हणून हे बोलले की अलोऱ्याला काम मिळालंय, चल. सासऱ्यांच्या क्वार्टरमध्ये राहिलो. मला गोळ्या नको वाटायच्या. उलटी व्हायची. हे रोज सकाळी समोर उभे राहायचे, गोळी गिळेपर्यंत हलायचे नाहीत. जेवण तेच करायचे, माझी वेणी घालायला शिकले. चौदा महिने पान्ह्याला हात नाय लावलानी."

समोर नियम होता, रिकामा काळ ठेवू नका, असेल तर कारण द्या. पण ते कारण मला लिहायचा अधिकार होता का, हेच कळेना. वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना विचारा. मला आता कसली लाज?" भाऊ आल्यावर विचारलं. ते म्हणाले, "तिला विचारा." शेवटी मी सालं लिहिली आणि पुढे फक्त 'अलोरे' लिहून पुढची जागा कोरी सोडली. बाकी सगळं एका पानात बसवलं. प्रत्येक ओळ 'मी'ने सुरू केली. भाऊंना वाचून दाखवलं, तेव्हा ते फार मन लावून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "माणूस हुशार दिसतोय. कुठला हा?"

जयगडला मुलाखतीला मी सोबत गेलो. कंपनीचे साहेब घाटावरचे, वयाने तरुण, बोलायला गोड. कागद बघून खूश झाले. "तीस वर्षांचा अनुभव?"

"अठ्ठावीस," भाऊ म्हणाले. "दोन ह्यांनी वाढवलेत."

मी भिंतीकडे बघायला लागलो.

"नाट्याला बारा लाँचच्या इंजिनांची देखभाल तुम्ही केलीत?"

"आम्ही दोघं होतो. दुसरा तिथलाच. माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला. नंबर देऊ?" आणि खरोखरच दिला! साहेबांनी तो लिहूनही घेतला. मग त्यांचं बोट कोऱ्या जागेवर आलं. "हे अलोऱ्याचं काय? इथे काय केलंत?"

भाऊंनी थोडा वेळ आपल्या हातांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे उठून साहेबांच्या एसीचं झाकण उघडणार. पण ते म्हणाले, "बायको आजारी होती. तिला मी बरी केली."

मी चमकून बघितलं. भाऊंच्या तोंडून 'मी केली' हे मी त्या दिवशी ऐकलं, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि कळवतो म्हणाले.

तीन आठवड्यांनी कळवलं. कंत्राट मिळालं. नाट्याच्या माणसाला! भाऊंनी ज्याचा नंबर दिला होता त्यालाच साहेबांनी बोलावलं, आणि त्याने एकट्याने होणार नाही म्हणून भाऊंना आपल्या हाताखाली मागून घेतलं. तो सडाफटिंग असल्यामुळे रात्रपाळी त्याने घेतली, दिवसपाळी भाऊंना दिली. मी घरी बसून संतापलो. माझी मेहनत, माझं एक पान, आणि फायदा कोणाचा? भाऊंना फोन केला तर ते आनंदात होते. "चांगलं झालं, हेडक्लार्क. तो हुशारच आहे." म्हणजे मी लिहिलेला बायोडाटा उपयोगी पडला की वाया गेला, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

परवा संध्याकाळी त्यांच्या गावावरून येत होतो, म्हटलं डोकावून जाऊ. अंगणाच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, पोचलो तर दोघं पडवीत बसलेली. वहिनींना आता फक्त उजेड आणि सावली कळते. भाऊ बंदरावरच्या कुठल्याशा पंपाची गोष्ट सांगत होते, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, वाट चुकत, मागे फिरत, मधेच कुणाच्या सासऱ्याला आणत. माझी तर दोन वाक्यांतच दिशाभूल झाली. वहिनी मात्र भिंतीला टेकून, तोंड त्यांच्याकडे करून ऐकत होत्या. भाऊ जरा थांबले की म्हणत होत्या, "मग?"

हाक मारायची होती, पण गोष्ट रंगात आली होती. बेडं न वाजवता लावलं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागलो.