अण्णांच्या डिस्कसचं पथ्यपाणी

"मॅडम, इंजेक्शन आणलंय ना?"

मी ऑफिसच्या काचेच्या दारात हेल्मेट काढत होते, तेवढ्यात अण्णांनी विचारलं. या नाही, बसा नाही, पाणी घ्या नाही. शहापूरहून मुरबाडपर्यंत रस्त्यातल्या सगळ्या खड्ड्यांची विचारपूस करत मी आले होते, पण ते जाऊ दे. अण्णांच्या खुर्चीमागे सहा फुटी काचेची टाकी. टाकीत डिस्कस मासे. त्यातला सगळ्यात मोठा लालभडक मासा म्हणजे राजा. हे नाव अण्णांनीच ठेवलेलं. तो राजा आज कोपऱ्यात तोंड घालून उभा होता. लाल कसला, करपलेल्या भाकरीसारखा काळपट पडला होता, आणि धाप लागल्यासारखे त्याचे कल्ले भराभर उघडमीट करत होते.

"इंजेक्शन नाही आणलं. आधी पाणी बघते."

"पाण्याचं काय बघायचंय? आजारी मासा हाय!"

या एका वाक्यावर माझा धंदा चालतो. माणसाला ताप आला तर माणूस तपासायचा. मासा आजारी पडला तर दहातल्या नऊ वेळा पाणी तपासायचं. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

मी मत्स्यशास्त्र शिकले. शोभेच्या माशांच्या टाक्या लावून देते, सांभाळते, आजारी मासे बरे करते. शहापूर-मुरबाडकडे हे सांगायची सोय नाही. आमच्याकडे मासा आजारी आहे असं कुणी म्हणत नाही, शिळा आहे म्हणतात. लग्नाकार्यात भेटणाऱ्या तमाम मावश्या मला बाजूला घेऊन पापलेट ताजं कसं ओळखायचं तेवढं विचारतात. एवढं शिकून तेवढा तरी उपयोग होतो, म्हणून आई समाधानी आहे.

अण्णा जमिनीचे सौदे करून देतात. माळशेजच्या डोंगराखाली आपलंही एक फार्महाऊस असावं असं मुंबई-ठाण्याच्या माणसाला वाटायला लागलं आणि अण्णांचं नशीब उघडलं. मग ऑफिसला काचा आल्या, एसी आला, आणि वास्तुशास्त्रवाला आला. तो म्हणाला, ईशान्येला जिवंत पाणी ठेवा. दुसऱ्या कुणी चार गोल्डफिश सोडले असते. अण्णांनी दुकानदाराला विचारलं, "सगळ्यात भारी मासा कुठला?" अशी ही डिस्कसची स्वारी मुरबाडात आली, आणि टाकी लावून द्यायला मी आले.

डिस्कस म्हणजे ताटलीसारखा चपटा, गोल, देखणा मासा. आणि नखरा लग्नातल्या वरमाईचा. पाणी कोमटच हवं. क्षारांचं जड पाणी चालत नाही. एकदम दिवा लावलेला खपत नाही. शेजारी कुणी जोरात दार आपटलं तरी साहेब कोपऱ्यात रुसून बसणार आणि जेवण टाकणार. ज्या ऑफिसात दिवसभर दहा माणसं एकमेकांवर ओरडतात, तिथे ठेवायला याहून योग्य मासा शोधून सापडला नसता.

"हिनं फिनाईलचा हात घातलाय टाकीत," अण्णा म्हणाले. "दुसरं काय नाय. एक मासा परवा गेला. आता हा राजा गेला ना, तर ही पण गेली."

ही म्हणजे मंदाताई. वैशाखऱ्याहून जीपने यायच्या. झाडू-पोछा, चहा, आणि टाकी लागल्यापासून माशांना दाणे घालणं, ही त्यांची कामं. त्या दाराशी बादली धरून उभ्या होत्या. ऑफिसात दोन गिऱ्हाइकं बसलेली, बाहेर जीपवाला उभा, आणि अण्णांचा आवाज तर पार पलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत जातो.

मी टाकीतलं पाणी छोट्या नळीत घेतलं, वर औषधाचे थेंब टाकले. ही अमोनियाची चाचणी. मासे ज्या पाण्यात राहतात, त्याच पाण्यात त्यांचे सगळे विधी होतात. त्यातून आणि कुजलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एसटी स्टँडच्या मुतारीत डोळ्यांना झोंबतो ना, तोच. फिल्टरमध्ये चांगले जिवाणू असतात, ते हा अमोनिया संपवतात. त्यांना झेपेल एवढीच घाण असली तर नळीतलं पाणी पिवळं राहतं. झेपेनाशी झाली की हिरवं होतं. अण्णांच्या नळीत पालकाची पातळ भाजी झाली होती.

"फिनाईल नाही," मी म्हटलं. "फिनाईल पडलं असतं तर सगळे एकदम गेले असते. हे हळूहळू चाललंय."

"मग हळूहळू घातलं असंल."

काय बोलायचं या माणसाशी!

"खायला काय देता?" मी विचारलं.

"दाणे," मंदाताई म्हणाल्या. "सकाळी चिमूटभर, संध्याकाळी चिमूटभर. तुमी सांगितलं तसंच, ताई."

"आणखी कोणी काही घालतं? चपाती, कुरमुरे, बिस्कीट?"

"आमी कोण हात नाय लावत," अण्णा म्हणाले. "गणपतीची शपथ."

शपथ खरी होती. ते नंतर कळलं.

मी एक तृतीयांश पाणी काढलं. नळाचं पाणी पिंपात मुरवून ठेवलं होतं, ते कोमट करून सावकाश घातलं. सगळं पाणी एकदम बदलायचं नसतं, नाहीतर माशाला धक्का बसतो आणि रोगाऐवजी डॉक्टरच त्याला मारतो. हवेचा पंप वाढवला. दाणे बंद करायला सांगितले.

"उपाशी ठेवू राजाला?" अण्णांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्याच ताटावरून त्यांना उठवलं.

"दोन दिवस. काही होत नाही."

झालंही नाही. दोन दिवसांत राजाच्या अंगावर लाली आली. अण्णांनी व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो पाठवला, खाली हात जोडलेले. मी खूश. आठवडा संपायच्या आत पुन्हा फोन, "मॅडम, काळा पडला."

पुन्हा गेले. पुन्हा पालक. या वेळी पाण्यावर तेलकट साय दिसली आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालेलं. उदबत्तीच्या धुराची शंका आली, म्हणून उदबत्ती लांब ठेवायला लावली. फिल्टरच्या पाइपाला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती आणि मिरचीचं टोक पाण्यात टेकत होतं. माशांना दृष्ट लागू नये म्हणून तिखट पाजायची ही पद्धत मी शिकले नव्हते. तीही काढून टाकली. फिल्टरचा स्पंज काढला तर तो चिकट. डिस्कसच्या दाण्यांनी असा चिकटपणा येत नाही, पण मग कशाने येतो ते मला समजेना. सगळे तर छातीवर हात ठेवून सांगत होते, दाण्यांशिवाय काही नाही.

पाणी बदललं. राजा सुधारला. राजा बिघडला.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा अण्णांचा निर्णय झालेला होता. "उद्यापासून दुसरी बाई येते. हिला सांगितलंय, आजचा दिवस कर नि जा."

मी मागच्या मोरीत पाणी आणायला गेले. मंदाताई चहाचे कप विसळत होत्या. कपांवरच राग काढत होत्या म्हणा ना.

"ताई, मी नाय हो घातलं काय," त्या म्हणाल्या. "कामाचं काय, दुसरं बघीन. पन गावात काय सांगू? घरी आमी ओढ्यातनं मासे मारून आनतो, कालवन करून खातो. नि मला काढली कशापायी, तर मासे मारले म्हनून! लोक हसतील का रडतील?"

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण त्यांचे डोळे भरले होते. त्या ज्या जीपने रोज घरी जायच्या, त्याच जीपमध्ये आता फिनाईलची गोष्ट पोचली होती. वैशाखऱ्याच्या नाक्यावर पोरं त्यांना 'फिनाईलवाली' म्हणत होती. डोकं असं सणकलं माझं! पण पुराव्याशिवाय अण्णांसमोर बोलणं म्हणजे भिंतीला सांगणं. आणि माझ्याकडे होता काय, तर हिरवं पाणी.

बाहेर आले तर टेबलाजवळ डोंबिवलीचं एक जोडपं बसलं होतं. सौदा जमला होता. विसाराचे पैसे दिले-घेतले, हातात हात झाले. अण्णांनी ड्रॉवरमधून पेढ्यांचा पुडा काढला. एक पेढा गणपतीच्या फोटोपुढे ठेवला. दुसरा उचलला, खुर्चीवरून उठले, चपला काढल्या, टाकीचं झाकण वर केलं.

"घे राजा," म्हणाले आणि पेढा कुस्करून पाण्यात सोडला.

मी नळी हातात धरून तशीच उभी.

"वहिनी, तुमच्या हातानं पण सोडा," अण्णा म्हणाले. "जमीन तुमच्या नावावर होतेय." वहिनींनी भक्तिभावाने अर्धा पेढा सोडला. नवऱ्याने फोटो काढला. राजाने ढुंकूनही पाहिलं नाही. पेढा तरंगत तरंगत टाकीतल्या लाकडाच्या ओंडक्यामागे जाऊन बसला.

"अण्णा," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"प्रसाद."

"तुम्ही म्हणालात, दाण्यांशिवाय काही देत नाही."

"नायच देत."

"आणि हा पेढा?"

"अहो मॅडम, प्रसाद म्हणजे काय खाणं हाय का?"

मी मंदाताईंकडे पाहिलं. त्यांनीही मान डोलावली. त्यांनाही त्यात खोटं काही वाटत नव्हतं. ऑफिसात कुणालाच वाटत नव्हतं. मी खाण्याबद्दल विचारलं होतं, त्यांनी खाण्याबद्दल सांगितलं होतं. प्रसाद खाण्यात धरायचा असतो हे त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या आजीच्याही आलं नसतं.

"प्रत्येक सौद्याला सोडता?"

"मग! पहिला मान राजाचा. तो आल्यापासून धंदा कसला पळतोय!"

धंदा पळत होता, हेच तर राजाचं दुखणं. सौदा थंडावला की मासा बरा, सौदा झाला की मासा आजारी.

मी टाकीचा तळ साफ करायची जाड नळी घेतली, ओंडक्यामागे घातली आणि बादलीत ओढलं. करड्या रंगाचा लिबलिबीत गोळा आला. मग आणखी एक. आतापर्यंतचे सगळे सौदे तिथे साचले होते. वास असा सुटला की डोंबिवलीच्या वहिनी ओढणी नाकाला लावून उठल्याच. दूध, साखर, तूप, सगळं पाण्यात कुजतं. कुजताना पाण्यातली हवा खातं आणि अमोनिया देतं. मी दर वेळी पुढची बाजू दिसेल तशी साफ करत होते. ओंडका हलवायला अण्णांनीच मनाई केली होती, वास्तूवाल्याने दिशा ठरवून दिलेली म्हणून.

"हे बघा तुमचं फिनाईल," मी बादली त्यांच्यापुढे ठेवली.

अण्णा बादलीत बघत राहिले. "पन प्रसादानं कोन मरत नाय, मॅडम."

"माणूस नाही मरत. तुम्ही पेढा खाता आणि घरी जाता. याला त्या पेढ्यातच राहायचंय, त्यातच श्वास घ्यायचाय. तुम्हाला कोंडू का पेढ्यांच्या खोक्यात?"

अण्णा टाकीजवळ गेले, वाकले. राजा अजून कोपऱ्यात धापा टाकत होता. अण्णांनी हात जोडले.

"राजा, चुकलं रे बाबा," ते म्हणाले. "तुझ्या जिवावर उठलो होतो मी. माफ कर."

आवाज खरोखर ओला झाला होता. डोंबिवलीचं जोडपं गहिवरलं. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, जराशी विरघळले.

मागून चहाचा ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"अण्णा," मंदाताई म्हणाल्या, "मी हिकडं हाय."

अण्णा सावकाश वळले. "तुला काय झालं आता? ऱ्हा ना कामावर. उद्या ये."

"काम नंतर. फिनाईलवाली बोललात मला. सगळ्यांसमोर बोललात, जीपवाल्यासमोर बोललात. त्या माशाला हात जोडलेत ना? मग मला पन बोला, सगळ्यांसमोर."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी नळी गुंडाळायला घेतली. डोंबिवलीकरांकडे पाहिलं, ते कपात बघायला लागले. एवढ्या एकरांचे सौदे फिरवणारा माणूस, पण सुटायला वाट मिळेना.

"चुकलं," ते पुटपुटले.

"काय नाय ऐकू आलं."

"चुकलं माझं, मंदा! तू काय घातलं नव्हतंस टाकीत. माझ्याच हातानं झालं."

"हां," मंदाताई म्हणाल्या. "आता बाहेर त्या जीपवाल्याला पन सांगा. नि चहा घ्या, निवतोय."

अण्णांनी आधी जीपवाल्याला सांगितलं, मग चहा घेतला. मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

राजाला सुधारायला बरेच दिवस लागले. थोडं थोडं पाणी बदलत, फिल्टरमधले जिवाणू पुन्हा वाढू देत. आता तो लाल आहे. सौदा झाला की पेढा टाकीच्या झाकणावर ठेवतात, राजाला दाखवतात, आणि मग मंदाताई खातात. मी तसं छापून काचेवर चिकटवलं आहे. सही डॉक्टर म्हणून केली आहे, कारण मत्स्यशास्त्राच्या पदवीला त्या ऑफिसात कुणी विचारत नाही.

तेव्हापासून नवीन टाकी बघायला गेले की माशांना खायला काय देता असं मी विचारत नाही. इथे शेवटचा आनंद कशाचा झाला आणि तो कसा साजरा केलात, ते विचारते. आणि घरात कुणाला दोष देऊन ठेवला असेल, तर पाणी तपासायच्या आधी त्या माणसाला समोर बोलावून घेते. माशाची माफी मागायला अण्णांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. मंदाताईंना ती मागून घ्यावी लागली.