वाफेच्या करंज्या

विलासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो. "भावजी, ह्ये गेले वो..." वहिनी एवढंच म्हणाल्या. मेथी घेतली की नाही, ते आजही आठवत नाही.

दादा माझा चुलतभाऊ. दौंडला राहायचा, कुरकुंभला कंपनीत सुपरवायझर. आमच्या घराण्याचा स्वयंघोषित दारूबंदी अधिकारी. वरातीत कुणी जरा झुलला की तोंडाचा वास घ्यायला हा पुढे. आणि याच माणसानं एकदा मला शिरूरहून बोलावून घेतलं, ते थेट पुण्यात, खराडीच्या एका नव्या चायनीज हॉटेलात! मी हायवेवरच्या लालभडक मंचुरियनवर वाढलेला. इथं मंद दिवे, पेल्यावर काचेचा घुमट. वेटरनं घुमट उचलला आणि भसकन धूर आला. काही पेटलं असं वाटून मी पाण्याचा ग्लास उचलला, तर दादा हसून हसून लाल. "आरं, कॉकटेल हाय त्ये! कैरी, मिरची आन् जराशी जिन." जराशी! मग बांबूच्या टोपलीतून डिमसम आले. दादा त्यांना वाफेच्या करंज्या म्हणायचा. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्ये फकस्त तुला दावलं. दुसऱ्या कुणाला आणावं वाटत न्हाई." पुढं अधूनमधून आमच्या फेऱ्या होत राहिल्या, आणि दादाच्या काळजातला एकमेव माणूस म्हणून मी भावकीत छाती काढून हिंडत राहिलो.

दहाव्याला भीमेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. पुरणपोळी ठेवून झाली, पोरांना सांभाळू असं सगळ्यांनी हात जोडून सांगून झालं. कावळे आपले बाभळीवर. माझी वेळ आली होती. पिशवीतून खराडीचा डबा काढला, मशरूमच्या करंज्या पानावर ठेवल्या. मागून कुणीतरी खाकरलं. वहिनींचा भाऊ दत्तू. त्याच्या हातात तसाच डबा, त्याच हॉटेलचा.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"दाजींनी. म्हणले, फकस्त तुलाच दावतो."

माझी छाती तिथंच बसली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर घाटावरच धरला असता त्याला. तेवढ्यात वहिनी दोन्ही डब्यांकडे बघत पुढं आल्या.

"माझा भाऊ आन् माझा दीर. दोगांला ठावं. मला म्हणायचे, कंपनीत जादा पाळी हाय."

कावळ्यानं शेवटी साध्या भाताला चोच लावली. आमच्या करंज्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

महिन्याभरानं वहिनींनीच फर्मान काढलं, "मला न्या तिथं." दत्तू आणि मी आरोपींसारखे समोर बसलो. त्यांनी बिनदारूचं पेय मागवलं, धूर विरेपर्यंत टक लावून पाहिला. एक करंजी खाल्ली. मग दुसरी.

"चांगल्या हायेत," त्या म्हणाल्या. टोपली बाजूला सारून, "एवढं खाऊन यायचे, तरी घरी आले की दोन भाकरी खायचे वो. सकाळपासनं उपाशी हाय म्हणायचे. मीबी येड्यावानी तिसरी वाढायची, तर तीबी खायचे..."

डोळ्याला पदर लावत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खोटं बोलायचं, तर आसं पोट फुटंस्तवर कशाला बोलायचं, भावजी?"