खांद्यावरचे रावसाहेब

समुद्राची आठवण म्हटल्यावर तुम्हाला माडांची सावली हवी असणार. मला मात्र बुटाच्या पॉलिशचा वास आला की मुरुडचा समुद्र आठवतो.

मुंबईचे एक रावसाहेब जंजिरा बघायला आलेले. धक्का नव्हता, म्हणून आमचा होडीवाला काका त्यांना खांद्यावर घेऊन पाण्यात शिरला. ते खूश झाले तर किनाऱ्यावर थांबलेली त्यांची सगळी मंडळी आमच्याच होडीत बसणार होती. चकचकीत बूट काकाच्या छातीवर आपटत ते म्हणाले, "समुद्राकाठचं जीवन म्हणजे स्वर्ग. तुम्ही लोक भाग्यवान."

मी मागून त्यांच्याच नाकातल्या आवाजात म्हटलं, "भाग्यवान, पण ओले."

काकाला हसू फुटलं आणि रावसाहेब पाण्यात बसले. तेव्हा थोडी कीव आली होती, आता तीही येत नाही.

मंडळी दुसऱ्या होडीतून गेली. काका म्हणाला, "मेल्या, नक्कल झकास हाय. पण वझं उतरल्यावर करायची."